वझलवारांची बिऱ्हाडं

अविनाश वझलवारांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी स्वतः दार उघडलं, मला नीट न्याहाळलं आणि आत घेतलं नाही.

जबलपूरच्या चेरीतालमधलं साधंसुधं दुमजली घर. पुढे दार एकच. दाराशेजारी मात्र एकाखाली एक तीन बेल, आणि प्रत्येक बेलखाली ऑइलपेंटने काढलेला चार आकडी नंबर. मी आपली हाताला आली ती वरची दाबली. आत पाखरांचा चिवचिवाट झाला आणि वझलवार आले.

"ही दादाची बेल आहे," ते म्हणाले. "दादा घरी नाही."

"मला तुमच्याकडेच यायचंय. मी कॉलेजच्या लायब्ररीत नवीन लागलेय. कॉम्प्युटरचं तुम्हीच बघता ना?"

"मीच पाहतो. पण मग माझी बेल दाबा ना. सगळ्यात खालची."

आणि त्यांनी खरोखरच दार लावून घेतलं. मी पायरीवर उभी. आल्या पावली परत जावं असं फार वाटलं. पण लायब्ररीचा कॉम्प्युटर सकाळपासून रुसला होता आणि प्राचार्य म्हणाले होते की तो फक्त वझलवारांचं ऐकतो. मी खालची बेल दाबली. या वेळी देवळातली घंटा वाजली. दार उघडलं. तेच वझलवार, तोच चष्मा, तोच अर्ध्या बाहीचा शर्ट. चेहरा मात्र हसरा.

"या मॅडम, या. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

माझ्या नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही जबलपूरला आलो. इथली मराठी माणसं 'का' ऐवजी 'काहून' म्हणतात आणि बोलता बोलता हिंदीत शिरतात, याची मला हळूहळू सवय झाली. वझलवारांची सवय व्हायला जास्त वेळ लागला. आम्ही राहायला त्यांच्याच गल्लीत, नोकरी त्यांच्याच कॉलेजात, त्यामुळे सुटका नव्हती.

कॉलेजात ते सिस्टीमचं काम बघतात. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, प्रकृती काडीसारखी. बसायला जिन्यामागची खोली. तिथला एसी प्राचार्यांच्या एसीपेक्षा चांगला आहे, कारण तिथे सर्व्हर राहतो. कोणी धापा टाकत फोन केला की "सर, सर्व्हर बंद है," तर ते शांतपणे म्हणतात, "सर्व्हर बंद नहीं होता भैया. पहले दरवाज़ा बताओ."

या दरवाज्याचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून दिला, मी विचारलेलं नसताना. झालं असं होतं की अॅडमिशन, परीक्षा, होस्टेल आणि लायब्ररी या सगळ्यांनी एकेकट्याने संस्थेकडे मागणी केली होती, आम्हाला आमचा स्वतंत्र सर्व्हर हवा. संस्थेने सगळ्यांना मिळून एकच जुनं मशीन दाखवलं. वझलवारांनी त्या एका लिनक्सच्या मशीनवर तोच सर्व्हरचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा मांडला, प्रत्येकासाठी एकदा. प्रत्येकाचा फोल्डर निराळा, सेटिंग निराळं, आत शिरायच्या दाराचा नंबर निराळा, आणि कोण आलं, कोण गेलं, काय बिघडलं याची नोंद ठेवणारा लॉगही निराळा.

"याला इंग्रजीत इन्स्टन्स म्हणतात," ते म्हणाले. "पण तुम्ही मराठी आहात म्हणून सांगतो मॅडम, हे बिऱ्हाड आहे. घर एक, छप्पर एक, लाईट एक. चूल आपापली. परीक्षावाल्यांचं दूध उतू गेलं ना, तर होस्टेलवाल्यांना वास पण नाही येत."

"आणि त्यांना माहीत आहे का, एकाच घरात राहतात ते?"

"काहून सांगायचं? आपला स्वतंत्र सर्व्हर आहे म्हणून खुश आहेत. राहू द्या."

खुश तर ते होतेच. परीक्षा विभागाचे तिवारीजी स्टाफरूममध्ये सांगत की हमारा सर्वर होस्टलवालों से बहुत तेज़ है. तेव्हा वझलवार कोपऱ्यात चहा पीत बसलेले असत. त्यांनी कधी भुवई उंचावली नाही.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे, कुठलंही बिऱ्हाड बंद किंवा सुरू करण्याआधी ते त्याचं नाव मोठ्याने घेतात. "होस्टेल. होस्टेल. होस्टेल." मग एंटर. शिपायाला वाटतं साहेब जप करतात. तो त्या वेळी दाराबाहेर चप्पल काढून उभा राहतो.

या जपामागे एक अपघात होता. तो मी येण्याआधीचा; पण वझलवार तो कालपरवाचा असल्यासारखा सांगतात. परीक्षेचे फॉर्म भरण्याचे दिवस होते. त्यातच होस्टेलला नवं बिऱ्हाड हवं झालं. वझलवारांनी परीक्षेचा अख्खा फोल्डर उचलून त्याची नक्कल केली. तयार संसार होता, नवा मांडायचे कष्ट कोण घेणार? पुढच्या दाराचा नंबर आठवणीने बदलला. पण प्रत्येक बिऱ्हाडाला मागे एक लहानसं दार असतं, त्यातून फक्त 'आता बंद हो' हा हुकूम आत येतो. त्याचा नंबर बदलायचा राहिला. दोघांना मागचं दार एकच म्हटल्यावर नवं बिऱ्हाड उभंच राहीना. वझलवारांना वाटलं, याला नीट बंद करावं आणि पुन्हा सुरू करावं. त्यांनी नव्याला बंद होण्याचा हुकूम सोडला. तो मागच्या दाराने गेला थेट परीक्षेच्या घरात. आणि फॉर्म भरणारी पोरं खिडकीशी ताटकळत असताना परीक्षेने निमूट दुकान बंद केलं.

"शांतपणे गेलं हो मॅडम," ते सांगतात आणि इथे दरवेळी चष्मा पुसतात. "भांडलं नाही, काही नाही. मला 'काहून' एवढं पण नाही विचारलं."

ते थोड्याच वेळात पुन्हा सुरू झालं, कोणाचं फार नुकसान झालं नाही. तरी वझलवार खिडकीबाहेर जाऊन रांगेतल्या एकेका मुलापुढे हात जोडून उभे राहिले. मुलांना वाटलं, हे कसली तरी वर्गणी मागतायत. दोघातिघांनी दिलीही म्हणतात.

आता त्या तीन बेलांकडे वळते. आई होती तोवर वझलवारांच्या घरात एकच स्वयंपाकघर होतं. थोरले दादा खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. धाकटा सुहास विम्याच्या कचेरीत, त्याची बायको रेखा आणि एक मुलगी. मध्ये अविनाश. आई गेली आणि दोन्ही जावांना एकमेकींच्या फोडणीचा ठसका लागायला लागला. एकीला चातुर्मासात कांदा-लसूण चालायचा नाही, दुसरीच्या मुलीला त्याशिवाय घास उतरायचा नाही. भांडण कांद्यावरून निघायचं आणि माहेरापर्यंत जायचं. शेवटी घर विकून मोकळं व्हावं अशी भाषा सुरू झाली.

हे त्यांनी मला कॉलेजच्या बसमध्ये सांगितलं. नेहमी खिडकीबाहेर बघत बोलणारा माणूस, त्या दिवशी माझ्याकडे बघून बोलला.

"घर विकलं असतं तर दादा खमरियाकडे गेला असता, सुहास विजयनगरला गेला असता. मी कुठं गेलो असतो? मला कोणाच्या सामानात बांधलं असतं? मला ही दोनच माणसं आहेत मॅडम. म्हणजे दोघांची मिळून जेवढी आहेत तेवढी."

मग त्यांनी घरावरही आपली विद्या चालवली. खाली दादांची चूल, वर सुहासची. जिन्याजवळची खोली स्वतःला, चुलीशिवाय, कारण एकटा जीव. विजेची मीटरं वेगळी, गॅस वेगळे, वायफायची नावं वेगळी. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या वेगळ्या आणि चिमटे दोन रंगांचे. पापड वाळवायच्या वेळासुद्धा ठरवून दिलेल्या. कशात कोणाचा पाय कोणात अडकायला जागाच ठेवली नाही. घर वाचलं आणि वझलवार अभिमानाने सांगू लागले की बिऱ्हाडं वेगळी झाल्यापासून एक भांडण नाही.

भांडण नव्हतं हे खरंच. पण बोलणंही नव्हतं. रेखाच्या मुलीला दहावीत किती मार्क पडले, हे सुमनवहिनींनी मला माझ्या दारात येऊन विचारलं. मार्क मिळवणारी मुलगी त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती. मी हे वझलवारांना सांगितलं. ते म्हणाले, "ते नंतर पाहू. आधी क्रॅश बंद झाला ना?" मला त्यांचा तेव्हा राग आला होता.

अडकलं ते महालक्ष्म्यांपाशी. त्यांच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करतात. आईच्या सासूकडून आलेले पितळी मुखवटे, दोन बहिणींची जोडी. आई गेल्यावर सुमनवहिनी त्या खाली बसवायच्या आणि रेखा पाहुण्यासारखी येऊन हळदीकुंकू घेऊन वर जायची. गेल्या भाद्रपदाच्या तोंडावर रेखाने सांगितलं की चूल वेगळी झाली तर कुळधर्मही वेगळा, यंदा आम्ही वर बसवणार. सुमनवहिनी म्हणाल्या, खुशाल बसवा, पण मुखवटे थोरल्या घरचे. नवे आणायला एकही तयार नाही, दोघींनाही सासूबाईंच्या हाताने पुसलेलेच हवेत. कोणी नातेवाईक म्हणाला, एकेक वाटून घ्या. त्यावर मात्र दोघी एका सुरात त्याच्या अंगावर गेल्या. जोडीनं माहेरी येणाऱ्या बहिणींची कोणी ताटातूट करतं का? एवढं एकमत करून दोघी पुन्हा आपापल्या मजल्यावर गेल्या. आणि त्या संध्याकाळी सुहास म्हणाला की विजयनगरला एक फ्लॅट बघून आलोय. गणपती झाले की आम्ही तिकडे.

दुसऱ्या दिवशी वझलवार लायब्ररीत आले आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी नुसते बसून राहिले. वर्तमानपत्र उलटं होतं.

"सगळं वेगळं करता येते मॅडम," ते म्हणाले. "दार करता येते, चूल करता येते, लॉग करता येतो. पण डेटा एकच असला तर? दोन बिऱ्हाडांना एकाच डेटावर लिहायला बसवलं ना, तर दोघं मिळून त्याची माती करतात. एकाला दिला तर दुसरं उपाशी मरते."

"मग कॉलेजात काय करता तुम्ही?"

"कॉलेजात?" ते जरा वैतागले. "कॉलेजात तो दोघांच्याही नावावर ठेवत नाही. तिसराच एक खातेदार करतो. मालकी त्याची. बाकी दोघांनी त्याच्याकडून घ्यायचं, त्याच्याकडेच द्यायचं."

एवढं बोलून ते एकदम उठले आणि मी मागवलेला चहा अर्धा टाकून निघून गेले. जाताना खुर्ची आत सरकवायची त्यांची सवय, तीही विसरले.

त्या रात्री त्यांनी घरात जाहीर केलं, महालक्ष्म्या यंदा माझ्या खोलीत बसतील.

गल्लीत हशा पिकला. ब्रह्मचाऱ्याकडे महालक्ष्म्या म्हणजे टकल्याकडे फणी, असं आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या. दादा तर भडकलेच. मी सुमनवहिनींकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून ते माझ्या कानांनी ऐकलं.

"तुझ्या खोलीत चूल नाही, घरात बायको नाही. देवी काहून येईल तुझ्याकडे?"

"माहेरी येतात ना त्या?" वझलवार म्हणाले. "माहेरी म्हणजे भावाकडे. भावाचं लग्न झालेलं पाहिजे असं कुठं आहे दादा?"

दादांनी भटजींना गाठलं, त्यांनीही पोथी चाळून मिटली. दोघी जावांनीही हरकत घेतली नाही, कारण मुखवटे दुसरीच्या मजल्यावर गेले नाहीत एवढ्यावर दोघींचं समाधान होतं.

पूजनाच्या दिवशी मला सवाष्ण म्हणून आमंत्रण होतं. वझलवारांनी कॉलेजातून रजा घेतली होती आणि अर्जात कारण लिहिलं होतं, घरी दोन पाहुण्या येणार आहेत. मी जरा लवकर गेले. खोलीतली वायरींची वेटोळी पलंगाखाली ढकललेली, मधोमध चौरंग, वर फुलोरा टांगायला दोरी. आणि घामाघूम झालेले वझलवार फोनवरच्या व्हिडिओत बघून देवीला साडी नेसवत होते. निऱ्या सुटायला लागल्या म्हणून त्यांनी त्या केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळल्या होत्या. पट्ट्यांची उरलेली टोकं कात्रीने एकसारखी कापलेली. पदरालाही दोन पट्ट्या होत्या.

सुमनवहिनी पुरणाचं पातेलं घेऊन उंबऱ्यात आल्या. त्याच वेळी रेखा आंबिलीचं भांडं घेऊन जिना उतरत होती. नैवेद्य वझलवारांनी दोघींना निम्मा निम्मा वाटून दिला होता, तोही एकीला दुसरीचं न सांगता. दोघी थबकल्या आणि आत बघत राहिल्या.

"भाऊजी," सुमनवहिनी म्हणाल्या, "साडी नेसवून राहिले का गादी बांधून राहिले?"

जिन्यात रेखाला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना. सुमनवहिनींनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्याही हसायला लागल्या. पातेलं माझ्या हातात देऊन त्या आत शिरल्या. रेखा मागोमाग. वझलवारांना बाजूला सारून दोघींनी त्या पट्ट्या कापायला सुरुवात केली.

"निरी धर इकडून."

"धरून राहिली ना ताई. तुम्ही पिन द्या."

"आई पदर डावीकडून घ्यायच्या, लक्षात आहे का तुला?"

"आणि मोत्याची नथ ज्येष्ठेला. कनिष्ठेला साधी."

वझलवार भिंतीला टेकून उभे होते. कात्री त्यांच्या हातातच राहिली होती. इतक्या वर्षांत त्यांनी ज्या दोघींमध्ये कुठे तारेला तार लागू दिली नाही, त्या दोघी त्यांच्याच खोलीत एकमेकींच्या अंगावरून हात पुढे करून टाचण्या मागत होत्या. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

आरती झाली, नैवेद्य झाला. ऊन उतरायच्या वेळेला खालच्या ओसरीत सगळ्यांची पानं एकत्र मांडली. दादा, सुहास, मुलगी, वझलवार आणि मी जेवायला बसलो. सुहास कडेला, जरा अंतर ठेवून बसला होता. त्याच्या फ्लॅटचं सगळ्यांच्या मनात होतं. दोघी जावा वाढत होत्या.

"ताई, भाऊजींना आंबील बेतानं वाढा," रेखा म्हणाली. "त्यांना सोसत नाही, आई म्हणायच्या."

"तूच वाढ बाई. रोज तुझ्याकडे जेवतात, तुला जास्त ठाऊक."

रेखाचा हात थांबला. "माझ्याकडे कुठं? ते तर तुमच्याकडे जेवतात ना?"

"आमच्याकडे फक्त सकाळचा चहा. संध्याकाळी विचारलं तर म्हणतात, वर झालं."

"आम्हाला म्हणतात, खाली झालं."

मला एकदम आठवलं, संध्याकाळी बस सुटायच्या आधी वझलवार कॉलेजच्या कँटीनमधून कागदात काहीतरी बांधून घेत. मी समजत होते पुतणीला खाऊ नेतात. पुतणीला विचारायचं कधी सुचलं नाही.

"काहून भाऊजी?" सुमनवहिनी त्यांच्या पानासमोर येऊन म्हणाल्या.

वझलवारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कॉम्प्युटरबद्दल समजावून सांगतात तशा सपाट आवाजात म्हणाले, "एकीकडे जेवलो असतो तर त्यांचा झालो असतो. दुसरीकडे वाटलं असतं, हा त्यांचा आहे. मग घर टिकलं नसतं. बाकी काही नाही वहिनी, कँटीनचं चांगलं असते."

दादांनी पानातला घास पानातच ठेवला. सुहास उठला, आपलं पान दोन्ही हातांनी उचलून अविनाशच्या शेजारी आणून ठेवलं आणि मांडीला मांडी लावून बसला. विजयनगरच्या फ्लॅटचं त्यानंतर मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

वझलवार खाली मान घालून जेवत होते. भराभरा जेवत होते, घरचं अन्न पुष्कळ दिवसांनी पानात पडलेल्या माणसासारखे, आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं. पानातलं वरण संपलं. त्यांनी मान वर न करता हळूच म्हटलं, "थोडा भात वाढा."

कोणाला म्हणाले, कोण जाणे. भाताच्या पातेल्याकडे दोघी एकदमच धावल्या.